‘रोल धुणं’ म्हणजे नेमकं काय

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

न्हाणीघरात डार्करूम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. सामानाच्या यादीत मात्र ‘सल्फेट’ लिहिलं आहेस, तेव्हा आधी त्याचंच बोलू. डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवरचं न दिसणारं चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला, लागतं ते सोडियम सल्फाइट, तेही निर्जल. सल्फेट घातलंस तर डेव्हलपर टिकणार नाही, तपकिरी पडेल. सल्फाइड आलं तर सडक्या अंड्यांचा वास सुटेल आणि फिल्म काळवंडेल. एका अक्षराचा फरक आहे, म्हणून बाटलीवरचं नाव स्वतः वाचून घे.

‘हायपो’चंही तसंच. फिक्सरमध्ये लागणारा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेलने १८१९ मध्ये दाखवलं. तेव्हा त्याला हायपोसल्फाइट म्हणत, त्यातलं ‘हायपो’ तेवढं आजवर राहिलं. पण रसायनांच्या दुकानात नुसतं ‘हायपो’ मागितलंस तर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचिंगचं पाणी, हाती पडू शकतं. ते इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा जिलेटिनचा थर, खाऊन टाकतं. आणि स्टॉप बाथच्या (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणाच्या) आम्लाशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू निघतो, तोही बंद न्हाणीघरात. म्हणून पूर्ण नाव कागदावर लिहून ने.

आता तुझा खरा प्रश्न: ‘रोल धुणं’ म्हणजे नेमकं काय? आपण ‘रोल धुतला’ म्हणतो, पण त्या एका क्रियापदात चार कामं दडलेली आहेत: डेव्हलप करणं (चित्र उमटवणं), ते थांबवणं, फिक्स करणं (उरलेले चांदीचे क्षार काढून चित्र कायम करणं) आणि शेवटी खरोखरचं धुणं.

डेव्हलपर घरी करायचा तर डी-७६ नावाचा कर. हे सूत्र १९२७ सालापासून चालत आलं आहे. ५० अंशांचं ७५० मिलि पाणी घे. त्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम. ते पुरतं विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट (एकूण १०० ग्रॅम), मग हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, शेवटी बोरॅक्स २ ग्रॅम, आणि पाण्याने १ लिटर पुरं कर. क्रम बदलू नकोस: सल्फाइट भरपूर झालेल्या पाण्यात मेटॉल विरघळत नाही. मेटॉलने काहींच्या हातांना खाज आणि पुरळ येतं, म्हणून हातमोजे घाल.

आपल्या हवेत सगळ्यात जास्त रोल बिघडतात ते तापमानामुळे. वेळांचे तक्ते २० अंशांसाठी असतात आणि उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३०च्या वर असतं. एचपी-५ प्लस या कृष्णधवल फिल्मला डी-७६ समभाग पाण्यात मिसळून २० अंशांवर ११ मिनिटं लागतात. २४ अंशांवर साधारण ८. पाच मिनिटांच्या आत आटोपलेलं डेव्हलपिंग असमान होतं, म्हणून उन्हाळ्यात समभाग मिश्रणच वापर आणि एकदा वापरलं की टाकून दे. २४च्या वर जाऊच नकोस, जिलेटिन मऊ पडतं आणि ओरखडे उठतात. विदर्भात माठातलं पाणी छान थंड मिळतं. कोकणात दमट हवेमुळे माठ तितका उपयोगी नाही, तिथे घमेल्यात बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या कर. आणि फक्त डेव्हलपर थंड करून भागत नाही. २० अंशांतून काढलेली फिल्म ३२ अंशांच्या पाण्यात गेली तर इमल्शनला जाळी पडू शकते, आणि ती पुन्हा जात नाही. धुण्याचं पाणीसुद्धा त्याच तापमानाचं हवं.

स्टॉप बाथला लिटरभर पाण्यात १३ मिलि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

फिक्सरसाठी हायपोचे खडे २४० ग्रॅम, सल्फाइट १५ ग्रॅम, तेच ॲसिड १३ मिलि, बोरिक ॲसिड ७.५ ग्रॅम आणि तुरटी १५ ग्रॅम, सगळं मिळून १ लिटर, याच क्रमाने. खडे विरघळताना पाणी गार पडतं, म्हणून सुरुवात कोमट पाण्याने कर. सल्फाइटच्या आधी ॲसिड ओतलंस तर गंधक सुटून सगळं दुधाळ होतं. तुरटी इमल्शन कडक करते, पण मग धुवायला जास्त पाणी लागतं. पाणी २४ अंशांच्या आत ठेवणं जमत असेल तर बिनतुरटीचा रॅपिड फिक्सर बरा, असं माझं मत. किती वेळ फिक्स करायचं? फिल्मच्या सुरुवातीचा उजेड लागलेला तुकडा त्यात टाक. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट. ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागू लागला की तो टाकून दे.

बिनतुरटीच्या फिक्सरनंतर नळ सोडून ठेवायची गरज नाही. फिल्म ठेवलेली बंद टाकी पाण्याने भरून ५ वेळा उलटसुलट कर, पाणी बदल, १० वेळा, पुन्हा बदल, २० वेळा. टँकरच्या गावातही एवढं पाणी परवडतं. हे धुणं अपुरं राहिलं की उरलेला हायपो पुढे काही वर्षांनी चित्र पिवळं पाडतो, आणि चूक कळते तेव्हा हातात काहीच नसतं.

प्रिंटविषयी आज एवढंच: तांबड्या उजेडात प्रिंट असते त्याहून काळी दिसते, म्हणून घाबरून लवकर काढू नकोस. फायबर पेपर (प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) पूर्ण २ मिनिटं डेव्हलपरमध्ये राहू दे. काळी आली तर एन्लार्जरखालचा (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणाऱ्या यंत्राखालचा) वेळ कमी कर. लवकर उचललेल्या प्रिंटला खरा काळा रंग कधीच येत नाही, सगळं मळकट राखाडी राहतं.

पहिला रोल वाळला की चौकटींच्या (एकेका फोटोच्या) आधी फिल्मच्या काठावरचे आकडे बघ. ते कारखान्यातच छापलेले असतात, तुझ्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. आकडे ठळक आणि चौकटी फिक्या असतील तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. आकडेही फिके असतील तर डेव्हलपिंग कमी झालं. आकडेच नाहीत आणि फिल्म कोरी असेल तर डेव्हलपर मेलेला होता किंवा आधी हायपो ओतला गेला. तेव्हा दाखवायला पाठवशील ती पट्टी काठासकट पाठव, चौकटीपुरती कापू नकोस.