तबेल्यातला घोडा कंटाळू नये म्हणून

नवीन घोडा आणलात की लगेच खेळणी घेऊ नका. आधी त्याचा दिवस कसा जातो ते बघा. मोकळ्या कुरणात घोडा दिवसाचे सुमारे १६ तास चरतो आणि त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं. दोन वेळा पेंढी टाकून मधे पोट रिकामं ठेवलं, तर तो दार कुरतडणारच. त्याला वाईट खोड म्हणू नका, बिचारा भुकेला असतो. बारीक छिद्रांच्या जाळ्यांत गवत भरून दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे तो हिंडत खाईल. नाल मारलेली असेल तर जाळी उंच बांधा, खूर अडकतो. आणि सोबतीला दुसरा घोडा हवाच. त्याची जागा कुठलाही चेंडू घेत नाही.

मग शिकवण. खूर उचलू देणं, बांधल्यावर शांत उभं राहणं, ताडपत्रीवरून चालणं. ताडपत्री जमिनीवर पसरा, दोर सैल सोडा, त्याला हुंगू द्या. मग दोर हलकासा ताणा; एक पाऊल पुढे टाकलं की ताण लगेच सोडा, मानेवर खाजवा. मागे सरला तर ओढू नका. दहा मिनिटं पुरेत.