डुकरिणीला पाच-सहाच पिल्लं होतात, जात बदलू का?

चार यॉर्कशायर माद्या, खुराक चांगला, तरी वेताला पाच-सहाच पिल्लं, असं तुम्ही लिहिलंय. जात बदलायची घाई करू नका. यॉर्कशायरकडून नऊ-दहा पिल्लं मागणं रास्त आहे, म्हणजे मधे कुठेतरी गळती आहे. ती कुठे, हे वहीतल्या तारखांवरून कळतं. वही नसेल तर आजच घाला.

प्रौढ मादी एका माजात १५ ते २० स्त्रीबीजं सोडते. बहुतेक फळतात, पण त्यातले तिसरा हिस्सा गर्भ पहिल्या महिन्यातच जातात. बाराव्या दिवसाच्या सुमारास किमान चार जिवंत गर्भ नसले, तर शरीराला गाभणपणाची खूणच मिळत नाही आणि मादी १८ ते २४ दिवसांत उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. २५ ते ३५ दिवसांत उलटली, तर गर्भ धरले होते आणि मग गेले. साधारण ३५ दिवसांनंतर हाडं धरतात, त्यामुळे पुढे मेलेला गर्भ जिरत नाही. सुकून, काळा पडून विताना बाहेर येतो. वार पडेपर्यंत थांबा आणि तेही मोजा. लहान-मोठ्या मापाचे बरेच निघाले, तर पार्व्हो या विषाणूचा संशय घ्या. गाभ पडत असेल तर लेप्टो आणि ब्रुसेला या जिवाणूंच्या रोगांसाठी रक्त तपासा. ब्रुसेला माणसालाही होतो, वार उघड्या हाताने उचलू नका.

मादी उलटत नाही, सुकलेले गर्भही नाहीत, तरी पिल्लं कमी; अशा वेळी माझा पहिला संशय भरवण्याच्या, म्हणजे नर लावण्याच्या, वेळेवर जातो. माज दोन-तीन दिवस टिकतो आणि बीजं सुटतात त्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. योनीवर लाली-सूज दिसली की लोक नर सोडतात. ते फार लवकर होतं. नर समोर ठेवून मादीची कंबर दाबा. कान ताठ करून खांबासारखी उभी राहिली, की तिथून घड्याळ लावा. प्रौढ मादीला १२ ते २४ तासांनी एकदा, पुन्हा १२ तासांनी. पाटीचा, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण मादीचा, माज छोटा असतो, तिला १२ तासांच्या आतच पहिल्यांदा भरवा.

नरही बघा. शुक्राणू तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून मेच्या उन्हात तापलेला नर जूनमध्येही कमी पडतो. डुकराला घाम येत नाही. सावली, ओला गोणपाट, दुपारी फवारा हवाच, आणि नुकत्याच भरवलेल्या मादीलाही. नर तिचा बाप किंवा भाऊ असेल, तर पिल्लं घटणारच.

आता तो ‘चांगला खुराक’. पाटीला भरवण्याआधी १०-१४ दिवस वाढवून द्या, भरवल्याच्या दिवशी दोन-सव्वादोन किलोवर आणा. लगेच भरपूर खाऊ घातलं, तर पाटीचे गर्भ जास्त मरतात. दूध पाजणारीला मात्र दोन किलो आणि वर प्रत्येक पिल्लामागे अर्धा किलो. पहिलटकरीण इथे खंगली की दुसरं वेत पहिल्यापेक्षाही लहान येतं. बुरशी लागलेला मका स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्यातल्या विषाने माज बिघडतो. हॉटेलच्या खरकट्यावर सगळी भिस्त असेल, तर हा हिशोब बसणं अवघड.

पिल्लं आईच्या दुधापासून ५६ दिवसांऐवजी ४२ दिवसांनी तोडली, तर गाभणकाळ ११४ दिवस आणि माजाला आठवडा धरून वेतांमधलं अंतर १७७ वरून १६३ दिवसांवर येतं. तीन आठवड्यांच्या आत मात्र तोडू नका, गर्भाशय सावरलेलं नसतं.

पहिलं वेत थोडं लहान असतंच. तिसऱ्या ते पाचव्यात सर्वांत भरतं, सातव्यानंतर मेलेली पिल्लं वाढतात.

आणि जात: पिल्लांच्या संख्येतला आनुवंशिक वाटा जेमतेम दहा टक्के, म्हणून ‘बारा पिल्लांच्या आईची पोर’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. मादी घ्यायचीच तर यॉर्कशायर-लँडरेस संकर घ्या आणि नर तिसऱ्या जातीचा ठेवा.