फोटो-स्टॉप म्हणजे दर्शन नव्हे: टस्कनीविषयी वाचकांचे प्रश्न

इटलीतील टस्कनी प्रांताच्या सहलीविषयी पत्रे नियमित येतात आणि त्यांतले गैरसमज बहुधा तेच असतात. म्हणून काही निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : टस्कनीला कोणत्या महिन्यात जावे? (नाशिक)

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टचे ऊन आणि गर्दी दोन्ही टाळावीत.

प्रश्न : सान जिमिन्यानो या गावात ७२ मनोरे पाहायला मिळतात, हे खरे का? (सातारा)

नाही. मध्ययुगात तेथील धनिक घराण्यांनी चढाओढीने सुमारे ७२ मनोरे उभारले होते, असे सांगितले जाते. आज १४ उरले आहेत.

प्रश्न : आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘फ्लॉरेन्स व पिसा, एक दिवस’ असे असून त्यात ‘मायकेलएंजेलोच्या डेव्हिडचे दर्शन’ समाविष्ट आहे. सिएना नाही. एवढे पुरेसे आहे का? (पुणे)

पुरेसे नाही, आणि कार्यक्रमपत्रिकेतील ‘दर्शन’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नये. मायकेलएंजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला डेव्हिडचा संगमरवरी पुतळा १८७३ पासून अकादेमिया या संग्रहालयात आहे. नगरसभेच्या वाड्यासमोर, पाल्लाझ्झो व्हेक्कियोच्या दारात, आज जो उभा आहे तो १९१० साली बसवलेली प्रतिकृती होय. आणि बस जेथे वीस मिनिटे थांबते त्या टेकडीवरच्या चौकात आहे ती काशाची आणखी एक प्रतिकृती. यांपैकी एखादी दाखवून ‘डेव्हिड पाहिला’ असे म्हणण्याची सोय काही सहल कंपन्यांनी करून घेतली आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत : अकादेमिया आणि उफिझी या संग्रहालयांचे प्रवेशशुल्क दरात धरले आहे का, आणि आपला फ्लॉरेन्सचा दिवस सोमवार तर नाही ना? ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी पोहोचलेल्या प्रवाशाला ‘बाहेरून दर्शन’ या दोन शब्दांवर समाधान मानावे लागते.

‘रांग टाळा’ असे लिहून चढ्या दराने तिकिटे विकणाऱ्या मध्यस्थांविषयीही येथेच सांगतो. संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर आगाऊ तिकीट घेतले की प्रवेशाची वेळ ठरूनच मिळते; मध्यस्थ बहुधा तीच वेळ जास्त पैशांत विकतो, आणि सुरक्षा तपासणीची रांग त्याच्या ग्राहकालाही चुकत नाही. मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांना गर्दीच्या दिवसांत मध्यस्थावाचून पर्याय उरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आता सिएना वगळण्याविषयी. टस्कनीतील उत्तम चित्रांपैकी कितीतरी भित्तिचित्रे आहेत. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला जातो आणि गिलावा वाळताना तो रंग भिंतीचाच भाग होऊन बसतो. त्यामुळे ते चित्र ज्या खोलीसाठी काढले त्या खोलीत जाऊनच समजते. सिएनाच्या पाल्लाझ्झो पुब्लिकोत, म्हणजे तेथील नगरसभेच्या वाड्यात, आम्ब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सुशासन आणि कुशासन यांचे परिणाम रंगवले. एका भिंतीवर गजबजलेले शहर, नाचणारे तरुण-तरुणी आणि भरली शेते आहेत, तर दुसरीवर उजाड रस्ते आणि हिंसाचार. शहराचा कारभार पाहणारे नऊ जण याच दालनात बसून निर्णय घेत, म्हणजे निर्णयाचे दोन्ही शेवट त्यांच्या नजरेसमोर असत. हे पडद्यावर पाहून कळत नाही. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांत, १३४८ साली, प्लेगने शहराची दाणादाण उडवली. लोरेंझेत्तीही त्याच साथीत गेला असे मानतात. कॅथेड्रल अवाढव्य वाढवण्याचे काम थांबले ते कायमचेच, आणि त्या अपुऱ्या बांधकामाची उघडी भिंत आजही उभी आहे. हे सगळे एका चौकाच्या परिसरात, पायी फिरून पाहता येते. फ्लॉरेन्सहून बसने सिएनाला जावे, कारण रेल्वे स्थानक गावाच्या टेकडीखाली आहे. फ्लॉरेन्सला तीन रात्री आणि सिएनाला किमान एक रात्र यापेक्षा कमी मुक्काम मी सुचवणार नाही. जुन्या भित्तिचित्रांची दुरुस्ती वारंवार निघते आणि दालने बंद राहतात, म्हणून तारखा पक्क्या करण्यापूर्वी संबंधित संग्रहालयाकडे चौकशी जरूर करावी.

प्रश्न : भाड्याची मोटार घेऊन फिरणे सोयीचे पडेल का? (ठाणे)

खेड्यांसाठी पडेल, शहरांसाठी नाही. फ्लॉरेन्स, सिएना, लुक्का आणि पिसा या शहरांच्या जुन्या भागांत परवानगीवाचून वाहन नेण्यास मनाई आहे. तेथे कोणी पोलीस अडवत नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, मोटार देणारी कंपनी चालकाचे नाव कळवून त्याचे वेगळे शुल्क कापते, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. चुकून तीनदा शिरलात तर तीन दंड होतात. ‘परदेशी लोकांना सोडून देतात’ ही ऐकीव गोष्ट आहे. तिच्यावर विसंबून भुर्दंड भरलेल्यांची पत्रे माझ्याकडे येतात. हॉटेल मनाईच्या भागात असल्यास गाडीचा क्रमांक ते नोंदवून देतील का, हे आधी लेखी विचारावे. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ हवा. विम्याच्या अटी कंपनीकडून समजून घ्याव्यात.

प्रश्न : वडिलांचे वय ७० आहे, गुडघे दुखतात. फ्लॉरेन्सच्या घुमटावर चढता येईल का? (सांगली)

कॅथेड्रलच्या, ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने बांधलेल्या घुमटाला, ज्याचे बांधकाम १४२० ते १४३६ असे चालले, ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. वाट घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांच्या मधून, अरुंद आहे. मध्येच माघारी फिरणे कठीण होते. त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय हे तिकीट घेऊ नये. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्यालाही ४१४ पायऱ्या आहेत, त्यामुळे तो सोपा पर्याय नव्हे.

प्रश्न : कोल्हापूरचे शाहू महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले आणि तेथे त्यांची छत्री आहे, असे वाचले. (कोल्हापूर)

छत्री आहे, पण ती शाहू महाराजांची नव्हे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये ज्यांचे निधन झाले ते विशीतले छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांच्या आधीच्या काळातले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले आणि १८७४ साली तेथे अर्धपुतळ्यासह छत्री उभारली गेली. शेजारच्या पुलालाही त्यावरूनच ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. ही जागा कास्चिने उद्यानाच्या दूरच्या टोकाला आहे. दिवसा उजेडी जावे, आणि शक्यतो एकट्याने जाऊ नये.

प्रश्न : शाकाहारींची सोय होते का? (डोंबिवली)

होते. रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि कोबीचे दाट सूप किंवा पिसाकडची बेसनाची चेचिना, जी आपल्या धिरड्याच्या नात्यातली आहे, सहज मिळते. परंतु सुपात मांसाचा अर्क असू शकतो आणि पार्मेजान चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते. कडक शाकाहारींनी प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे.

प्रश्न : पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये मोफत असतात, मग तोच दिवस ठेवू का? (नागपूर)

अर्धा दिवस रांगेत घालवायची तयारी असेल तर ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात निघायचे आहे. ज्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो त्या देशाकडे अर्ज करावा, असा सल्ला मिळाला आहे. (फोंडा)

हा सल्ला चुकीचा आहे. सहलीत ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडेच शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज करावा लागतो. दिवस समसमान असतील तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस आणि काही प्रकरणांत ४५ दिवस लागू शकतात, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक असतो. मे महिन्यासाठी एप्रिलमध्ये अर्ज घेऊन येणाऱ्यांना मी काही मदत करू शकत नाही. आपल्या कागदपत्रांविषयी इटलीच्या वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या व्हिसा अर्ज केंद्रात चौकशी करावी, आणि भेटीची वेळ या आठवड्यातच मागावी.