एमटीएस फाइल उघडत नसेल तर

तुमच्या कॅमेऱ्याच्या कार्डावरील एमटीएस फाइल (कॅमेऱ्याने साठवलेली व्हिडिओ फाइल) संपादनाचे सॉफ्टवेअर स्वीकारत नाही, याचा अर्थ चित्रीकरण बिघडले असा नव्हे. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत चित्र एच.२६४ या संक्षेपण पद्धतीत आणि आवाज बहुधा डॉल्बी एसी-३ या पद्धतीत साठवला जातो. त्यामुळे चित्र दिसते पण आवाज येत नाही, असे होत असेल तर एसी-३ उलगडणारा कोडेक, म्हणजे त्यासाठीचा छोटा प्रोग्राम, नसण्याची शक्यता अधिक.

सुट्या फाइली न उचलता आधी कार्डावरील संपूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे, कारण लांबलचक चित्रीकरण फॅट३२ या कार्डावरील फाइल-रचनेच्या ४ जीबी मर्यादेमुळे तुकड्यांत विभागले जाते आणि ते सांधण्याची माहिती त्याच फोल्डरात असते. (मी हे केले नव्हते, प्रत्येक जोडावर आवाज क्षणभर तुटत असे.) त्यानंतर एफएफएमपेग या मोफत रूपांतर प्रोग्रामने चित्र जसेच्या तसे एमओव्ही फाइलमध्ये हलवून फक्त आवाज पीसीएममध्ये (असंक्षिप्त आवाजात) बदलावा, चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. हँडब्रेक हा रूपांतराचा दुसरा प्रोग्राम वापरायला सोपा आहे, परंतु तो चित्र नव्याने एन्कोड करतो, म्हणून माझ्या मते तो शेवटचा उपाय.

कॅमेरा ५०आय (सेकंदाला ५० अर्धचित्रे टिपणाऱ्या) पद्धतीचा असल्यास संपादनाच्या प्रोजेक्टची गती सेकंदाला २५ फ्रेम ठेवावी. ३० ठेवल्यास हालचाल अडखळत दिसते.