भार कोणावर पडणार, ते आधी शोध

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. नोकरी टिकेल का ही धास्ती, आईवडिलांच्या ठेवींची काळजी आणि त्यातच राष्ट्रीय निवडणूक. "सगळेच खोटं बोलतात, आणि चुकीच्या माणसाला मत दिलं तर दोष माझाच," असं तू लिहिलंयस. ही भीती मनातून काढून टाक, असं मी सांगणार नाही. अशा काळात ज्यांना कसलीच शंका येत नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

संकटात निवडणूक येते तेव्हा बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. कर्ज डोईजड झालेलं असतं, चलन घसरलेलं असतं, बँका डळमळत असतात. ते नुकसान पुसून टाकणं कोणत्याच पक्षाच्या हातात नसतं. ते कोणी सोसायचं, एवढं मात्र निवडणुकीत ठरतं. मार्गही मोजकेच आहेत: कर वाढवायचे, खर्च कापायचा, नवं कर्ज काढून भार पुढच्या पिढीवर ढकलायचा, जुनं कर्ज बुडवायचं, नाहीतर नोटा छापून महागाईच्या वाटेनं वसुली करायची. राज्यकर्त्यांना शेवटचा मार्ग सोयीचा वाटतो, कारण महागाईसाठी संसदेत विधेयक मांडावं लागत नाही. जमीनजुमला किंवा परकीय चलन असलेला त्यातून तरून जातो. फक्त पगार आणि ठेवीवर जगणारा भरडला जातो. "विकासातून सगळं भरून काढू" असं कोणी म्हणालं, तर विकास येईपर्यंतची देणी कोण फेडणार, ते विचार.

ब्राझीलचं उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो. 1986च्या सुरुवातीला तिथली महागाई वर्षाला 200 टक्क्यांच्या वर गेली होती. 28 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष जोझे सार्नेय यांनी नवं चलन आणलं, त्याचं नाव क्रुझादो. सगळ्या किमती गोठवल्या आणि पगार वाढवले. लोक हरखून गेले. सामान्य माणसं स्वतःला 'सार्नेयचे निरीक्षक' म्हणवत दुकानांतले भाव तपासू लागली. काही महिने पगारात खरोखरच जास्त वस्तू येत होत्या, त्यामुळे त्या लोकांना भोळं म्हणणं मला पटत नाही. पण गोठवलेल्या भावात विकणं परवडेना, तसा माल बाजारातून नाहीसा होऊ लागला. मांस मिळेना, अनेक वस्तू वरचे पैसे मोजल्याशिवाय हाती येईनात. योजनेला मोठी दुरुस्ती हवी आहे, हे सरकारातल्या अर्थतज्ज्ञांना दिसत होतं. ती झाली नाही, कारण 15 नोव्हेंबरला मतदान होतं. सत्ताधारी आघाडीतल्या मुख्य पक्षानं एक राज्य सोडून सगळीकडची राज्यपालपदं जिंकली. अवघ्या सहा दिवसांनी, 21 नोव्हेंबरला, पेट्रोल, वीज, टेलिफोन, मोटारी, सिगारेट अशा कितीतरी गोष्टींचे दर एकदम वाढवले गेले. राजधानीत दंगल उसळली. पुढच्या फेब्रुवारीत देशानं परदेशी बँकांचं व्याज देणं थांबवलं.

हे फार जुनं झालं असं वाटत असेल, तर तुर्कस्तान बघ. मे 2023च्या निवडणुकीच्या वेळी महागाई सुमारे 40 टक्के होती आणि मध्यवर्ती बँकेचा व्याजदर फक्त 8.5 टक्के. महागाई रोखायला तो वाढवावा लागतो, पण त्यानं कर्ज महागतं. तेच राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आले, जूनमध्ये दर 15 टक्क्यांवर गेला आणि मार्च 2024 पर्यंत 50 टक्क्यांवर. म्हणून मतदानाआधीच्या काही महिन्यांत मिळालेला दिलासा तपासून घे. कोणते निर्णय मतदानानंतरसाठी राखून ठेवलेत? कोणता दर बराच काळ हललाच नाही? माणूस सरकारच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षा शेवटच्या काही महिन्यांवरून मत बनवतो, आणि राज्यकर्त्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

तुझा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: "शेवटी कर्ज देणारेच ठरवणार, मग माझ्या मताचा उपयोग काय?" यावर मला दोन देश आठवतात. आइसलँडच्या तीन मोठ्या बँका ऑक्टोबर 2008 मध्ये कोसळल्या. त्यांतल्या एका बँकेत ब्रिटिश आणि डच लोकांच्या ऑनलाइन ठेवी होत्या. त्यांची भरपाई सरकारी तिजोरीतून करण्याचा करार जनतेनं 2010 आणि 2011 अशा दोन सार्वमतांत फेटाळला. 2013 मध्ये एफ्टा या युरोपीय व्यापारसंघाच्या न्यायालयातला निकालही आइसलँडच्या बाजूनं लागला. ग्रीसमध्ये 5 जुलै 2015 रोजी 61 टक्के मतदारांनी धनकोंच्या अटींना नकार दिला, आणि आठच दिवसांत पंतप्रधान त्सिप्रास यांना कडक अटींचा नवा करार मान्य करावा लागला. लोकांचा निर्धार दोन्हीकडे होता. पण ग्रीसच्या बँका बंद होत्या, दिवसाला 60 युरोच काढता येत होते, आणि युरो छापणं ग्रीसच्या हातात नव्हतं. आइसलँडकडे स्वतःचं चलन होतं, आणि मूळ वाद कायद्याचा होता. "आम्ही झुकणार नाही" म्हणणाऱ्या उमेदवाराला म्हणूनच विचारायचं, की झुकला नाहीत तर पुढच्या आठवड्यातल्या पगारांचा पैसा कुठून आणणार? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार आहे, त्याच्या निर्धाराला मी किंमत देतो.

तुझ्या पत्रात सगळी चर्चा पक्षनेत्यांची आहे, तुझ्या मतदारसंघातल्या उमेदवाराबद्दल एक ओळही नाही. अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट 1932च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात सरकारी खर्चात 25 टक्के कपातीचं आश्वासन देत होते, आणि बँकठेवींच्या विम्याला त्यांचा विरोध होता. तरीही 1933च्या बँकिंग कायद्यात तो विमा आला, कारण प्रतिनिधिगृहातले स्टीगल आणि सिनेटमधले व्हँडेनबर्ग यांनी तो लावून धरला. ठेवी काढून घ्यायला बँकांपुढे लागणाऱ्या रांगा त्यानंतर जवळपास थांबल्या. तुझ्या आईवडिलांच्या ठेवींचं रक्षण उद्या अशाच एखाद्या अनोळखी प्रतिनिधीमुळे होऊ शकेल.

या सगळ्याआधीची एक चाळणी आहे आणि तिथे मी तडजोड करत नाही. निवडणूक हरला तर हा माणूस खुर्ची सोडेल का? जर्मनीत 1928 साली नाझी पक्षाला 2.6 टक्के मतं होती. मग मंदी आली, बेकारी आली, संसदेला बाजूला सारून वटहुकमांनी खर्चकपात लादली गेली, आणि जुलै 1932 मध्ये हीच मतं 37 टक्क्यांवर गेली. पुढच्या जुलैत बाकी सगळे पक्ष बेकायदा ठरले होते. चुकीचा अर्थमंत्री पुढच्या निवडणुकीत बदलता येतो. जर्मनीत पुढची खरी निवडणूकच उरली नाही. म्हणून न्यायालयांबद्दल, निवडणूक अधिकाऱ्यांबद्दल आणि सरकारी आकडे काढणाऱ्यांबद्दल उमेदवार काय बोलतो, ते नीट ऐक. अर्जेंटिनाच्या सरकारनं 2007 मध्ये आकडेवारी संस्थेतच हस्तक्षेप केला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथल्या महागाईच्या अधिकृत आकड्यावर कोणाचा विश्वास राहिला नाही. आणि संकटाचं खापर एखाद्या समाजावर किंवा बाहेरून आलेल्यांवर फोडणारा भेटला, तर त्याच्या बाकीच्या योजना कितीही चांगल्या असोत, माझ्यापुरता तो विषय संपतो.

मत न देण्याचा विचार तू लिहिलायस. तो माझ्या गळी उतरत नाही. बहुतेक देशांत तरुण वृद्धांपेक्षा कमी मतदान करतात, आणि भार कोणावर टाकला तर कमी ओरड होईल याचा हिशेब प्रत्येक पक्षाकडे असतो. तुझ्या वयाचे लोक त्या हिशेबात कुठे बसतात, ते तूच ठरव.

मतदार यादीत नाव आहे ना, ते आजच बघून घे. मग प्रमुख पक्षांचे जाहीरनामे घेऊन बस आणि प्रत्येक आश्वासनासमोर वरच्या पाच मार्गांपैकी एक लिही. जिथे काहीच लिहिता येणार नाही, तिथे खूण कर. त्या खुणा घेऊन उमेदवाराच्या सभेला जा, पैसा कुठून येणार ते सगळ्यांसमोर विचार, आणि काय उत्तर मिळालं ते मला सविस्तर कळव.

तुझा,
सर