जुना फोन रात्री उशाशी घड्याळ म्हणून चालू ठेवता येईल का?
येतो की, वेगळं ॲप पण नको. बऱ्याच अँड्रॉइडमधे डिस्प्ले सेटिंगमधे स्क्रीन सेव्हर असतो, त्यात घड्याळ निवडा, नाईट मोड ऑन करा आणि फोन चार्जिंगला लावून ठेवा, आकडे एकदम मंद दिसतात. आयफोनला आयओएस 17 पासून स्टँडबाय आहे, म्हणजे चार्जिंगवर घड्याळ दाखवायची सोय, फोन चार्जिंगला लावून आडव्या बाजूवर टेकवून ठेवायचा, पण रात्रभर न विझणारं फक्त ऑलवेज-ऑनवाल्या (स्क्रीन मंद पण सतत चालू राहणाऱ्या) मॉडेलला, म्हणजे 14 प्रो वगैरे.

स्क्रीन ॲमोलेड असेल तर बेस्ट, काळा भाग खरंच बंद असतो. एलसीडीला मागचा लाईट चालूच राहतो, माझा जुना तसलाच, खोलीभर करडा उजेड, शेवटी पालथा घातला. चार्जिंग लिमिट 80% ची सोय असेल तर लावा आणि फोन उशीखाली नको, तापतो.