दिवसा उपास, रात्री चिवडा

प्रश्न : मी सेलूची, वय ४८, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी यजमान गेले. मुलगा आता लातूरला क्लासला असतो, घरी मी आणि सासूबाई. या काळात वजन ५८ वरून ७४ किलोवर गेलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरते, एरवीही सकाळी नुसता चहा. पण रात्री दहाला टीव्हीसमोर बसले की चिवड्याचा डबा कधी रिकामा होतो कळत नाही. थायरॉइड नॉर्मल आहे. सासूबाई म्हणतात, जिभेवर ताबा नाही. माझं मन खरंच इतकं कच्चं आहे का?

उत्तर : ताई, कच्च्या मनाच्या बाईला महिन्यातले सात-आठ उपास झेपत नाहीत. तुम्ही दिवसभर मन मारता आणि रात्री ते उसळी मारतं. स्टंकार्ड आणि मेसिक या संशोधकांनी १९८५ साली केलेल्या प्रश्नावलीत खाण्यावर घातलेला लगाम आणि लगाम सुटणं या गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. पुढच्या अभ्यासांत मोठ्या वयातल्या वजनवाढीशी घट्ट नातं दिसलं ते लगाम सुटण्याचं. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना, आणि नंतर हवं तेवढं खायची मोकळीक दिल्यावर काहींचं पोट भरता भरेना. तेव्हा एकादशी धरा, सोमवार सध्या सोडा, आणि शाळेत जाताना भाकरी-भाजी खाऊनच निघा. साबुदाण्याच्या खिचडीने उपास घडतो, वजन मात्र उतरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती रात्री दहाची. त्या वेळी भूक लागलेली असते, की घर खायला उठतं? उदासी आणि वजन एकमेकांना धरून वाढतात. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्के जास्त निघाली, आणि लठ्ठ व्यक्तींना नैराश्य येण्याची ५५ टक्के. तुमच्या पत्रात यजमानांबद्दल एकच ओळ आहे, चिवड्याबद्दल त्याहून जास्त. आणि सासूबाईंचा तर मुलगा गेलाय. त्या तुमच्या जिभेवर बोलतात, त्याच्याबद्दल बोलतात का कधी? आठ वाजता दोघी एका ताटाभोवती बसा आणि त्याचं नाव निघू द्या. रडू आलं तर येऊ द्या.

डबा घरातून काढू नका, बंदीने ओढ वाढते. वाटीत काढून घ्या आणि टीव्ही बंद करून खा.

झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर १४४१६ या क्रमांकावर, म्हणजे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला, फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मानसोपचार तज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर वजनाचं आधीच सांगा. काही गोळ्यांनी भूक वाढते, त्यांना पर्याय असतात.